नाण्याएवढी गोडी

वालचंद हिराचंद म्हटलं की सिंदिया कंपनीची जहाजं, बंगळूरचा विमान कारखाना आणि प्रीमियरच्या मोटारी आठवतात. त्यांचा जो उद्योग महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या जिभेवर विरघळला, तो या यादीत सहसा येत नाही. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावी त्यांच्या उसाच्या मळ्यांशेजारी १९३३ साली साखर कारखान्याची कंपनी उभी राहिली आणि १९४२ पासून तिथे गोळ्या तयार होऊ लागल्या. चेरी, मँगो मूड, कॉफी ब्रेक, आणि दूरदर्शनवर अर्चना जोगळेकरांनी घरोघर पोचवलेली पान पसंद ही सगळी त्या एका गावाची पैदास.

गोळीमागची कृती आपल्या स्वयंपाकघरातल्या पाकाचीच, फक्त शेवटपर्यंत नेलेली. लाडवांना लागणारा गोळीबंद पाक बराच आधी उतरवतात. इथे साखर, पाणी आणि मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पातळ ग्लुकोज दीडशे अंशांच्या आसपास आटवतात. पाण्याचा अंश शेकडा दोन-तीनच उरतो. ग्लुकोजमुळे साखरेचे खडे पडत नाहीत. पाक थोडा निवला की त्यात रंग, वास आणि लिंबाच्या आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल मळून घ्यायचं आणि गरम असतानाच साच्यात दाबायचं. हवेतली ओल लागली की गोळी चिकटते, म्हणून वाण्याच्या बरणीचं झाकण घट्ट आणि गोळीला कागदाचं गुंडाळण.

पण मुलांचा खाऊ चवीपेक्षा नाण्यांनी घडवला, असं माझं ठाम मत आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पाच पैशांचं चौकोनी नाणं, दहाचं नागमोडी कडेचं, पुढे वीसचं षटकोनी. चड्डीच्या खिशात हात घातला की न बघता ओळखू येत. गोळीचा भाव या नाण्यांतच बसवावा लागे, कारण गिऱ्हाईकाकडे एका वेळी एकच नाणं असे आणि उरलेले सुटे परत घेऊन जाणं त्याच्या मनातही येत नसे. फार तर दोन मित्र मिळून एक गोळी घेत आणि ती सदऱ्यात धरून दाताने फोडत.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आठ आणे कायद्याने चालतात, पण दुकानदार घेत नाही. गोळी रुपयाला आली आणि तिथेच अडली. साखर, इंधन, मजुरी वाढत राहिली, पण पुढचं नाणं एकदम दोन रुपयांचं, म्हणजे दुप्पट भाव. बिस्किटांना निदान एक वाट होती: पुड्याचा भाव तोच ठेवून वजन कमी करायचं. विलेपार्ल्यात १९२९ साली स्थापन झालेल्या पार्लेने सुरुवात गोळ्या-चॉकलेटांनीच केली होती, पण दशकभरात ती बिस्किटांकडे वळली, आणि जी वस्तू पुड्याने विकली जाते तिला वजनात थोडी सूट घेता येते. चार-पाच ग्रॅमच्या गोळीतून काढणार काय? सुट्या पैशांच्या जागी हातावर गोळी ठेवायची दुकानदारांची सवयसुद्धा, मोबाइलवरून नेमके पैसे देता येऊ लागल्यावर, मागे पडली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावने आपल्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकल्या. जमीन, इमारती आणि यंत्रं स्वतःकडे ठेवली. कारणं कंपनीनेच सांगितली होती: वाढती स्पर्धा, आणि कच्चा माल, ऊर्जा, मजुरी महागत असताना न वाढलेले भाव. बातमी वाचून मला खरोखर वाईट वाटलं. मराठी मुलखातला ऊस आणि मराठी मुलांचा खाऊ यांना जोडणारं एक गाव त्या नात्यातून मोकळं झालं.

शाळेच्या फाटकाबाहेर गोणपाटावर बसणाऱ्या बाईला मात्र भाव नाण्यात बसवायची अडचण कधीच नव्हती. तिच्याकडे बोरं, चिंचा, आवळे, मीठ-तिखट लावलेली कैरी वाट्याने मिळे. हंगाम भरात असला की वाट्यात दोन बोरं जास्त, सरत आला की दोन कमी, नाणं तेच. गावाकडे तर नाणंही लागत नसे. गारेगारवाल्याची घंटा ऐकू आली की पोरं मूठभर ज्वारी घेऊन धावत, नाहीतर मोडका पत्रा, तुटकी चप्पल. घरातल्या कणगीतून किती मुठी गेल्या, हे आयांना बरोबर कळत असे.

रावळगावच्या गोळीचं साल सापडतं, सौद्याचा आकडा सापडतो. फाटकाबाहेरच्या वाट्याची नोंद कुणीही ठेवलेली नाही. कुठल्या गावात कुठल्या जातीची बोरं येत, गारेगारला किती धान्य पडे, चिंचेचा गोळा कोण कुटून विके, हे साठी-सत्तरी गाठलेल्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. आजोळच्या शाळेपासून सुरुवात करून हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं काम या दिवाळीत कुणालाही करता येईल. वही आणि पेन एवढंच लागतं.