पानाचे वय आणि आकाशातील डोळा

फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या एखाद्या घाटातून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना कोशिंबाचे झाड कोणी दाखवावे लागत नाही. भोवतालचा साग निष्पर्ण उभा असतो आणि कोशिंब मात्र लालभडक पालवीने असा डवरलेला असतो की, नवख्यास तो फुललाच आहे असे वाटावे. आता हेच झाड उपग्रहातून पाहिले तर? उत्तर चमत्कारिक आहे. पानांनी गच्च भरलेले हे झाड उपग्रहाच्या हिशेबात अर्धवट उघडे ठरण्याचा संभव असतो!

याचे कारण असे की, उपग्रहाला झाड दिसतच नाही. दिसतो तो पानांवरून परतलेला प्रकाश. पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश गिळून टाकते. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र पान मोठ्या प्रमाणात परत फेकते. हे काम रंगाचे नव्हे, पानाच्या आतील रचनेचे. पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांवर आपटत आपटत तो प्रकाश माघारी येतो. म्हणून शास्त्रज्ञ एक साधा हिशेब करतात : अवरक्तातून तांबडा वजा करावयाचा आणि त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागावयाचे.

समजा, भर वयातल्या, म्हणजे ज्याला आपण 'जून' पान म्हणतो त्या पानाने तांबडा प्रकाश शेकडा 5 आणि अवरक्त शेकडा 45 परत पाठविला. उत्तर येते 0.8. तेच पान पिवळे पडले, हरितद्रव्य गेले, तांबडा 20 वर चढला. आतील रचना अजून बरीचशी शाबूत असल्याने अवरक्त 40 वरच राहिला. उत्तर 0.33. म्हणजे झाडाचे एकही पान गळालेले नाही आणि आकडा मात्र निम्म्याहून खाली आला. कोवळ्या पानाची गोष्ट निराळी. त्यात हरितद्रव्य थोडे आणि पेशी दाटीवाटीने बसलेल्या, पोकळ्या कमी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आकडा घसरतो. आपला कोशिंब फसतो तो इथे.

नुसत्या हिरवेपणावर विसंबूनही भागत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर ओक वृक्षांचा अभ्यास झाला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यात टिपलेला हिरवेपणा कळसास पोहोचला, त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी पानांतील हरितद्रव्य कळसास पोहोचले. पोपटी पान डोळ्यांत भरते, पण ते अजून पुरते कमावते झालेले नसते.

हा केवळ विद्वानांचा काथ्याकूट आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशातील वनांचे क्षेत्र भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहचित्रांवरून ठरविते आणि त्यासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील चित्रे घेते. तेव्हा आकाश निरभ्र असते आणि पानगळी झाडांवर पाने टिकून असतात. निवड शहाणपणाची आहे. तथापि ज्या वर्षी पाऊस लवकर आटोपतो, त्या वर्षी डिसेंबरातले सागाचे पान मागील वर्षीच्या डिसेंबरातील पानापेक्षा अधिक म्हातारे असते. तारीख एक, वय दोन! अशी दोन चित्रे शेजारी ठेवून घाईने निष्कर्ष काढला, तर कुऱ्हाड न लागलेले रान विरळ झालेले दिसेल. आणि एकदा अशी सवय जडली की, खरी तोडही 'पानगळ असेल' म्हणून सोडून दिली जाईल. म्हणूनच चित्र पाहून झाल्यावर जागेवर जाऊन पडताळणी करावी लागते.

सागाच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे. त्याचे पान जून महिन्यात कोवळे असते (आणि 'जून' होते ते पुढे पावसात!), पण नेमके तेव्हाच ढग दाटलेले असतात. सागाचे बालपण आकाशातील डोळ्याला बहुधा दिसतच नाही. त्यातच पावसाळ्याच्या आरंभी अळ्यांनी पालवी फस्त केली, तर झाड पुन्हा फुटते. मग पाऊस सरल्यावर शेजारशेजारच्या दोन सागवनांतील पानांचे वय सारखे नसते आणि चित्रातला तो फरक रोपांचा की जमिनीचा, असा भलताच वाद सुरू होतो.

या वयभेदाचा उपयोगही होतो, हे सांगितले पाहिजे. 2015 साली सोडलेल्या सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहावर तांबडा आणि अवरक्त यांच्या सीमेवरील प्रकाश मोजण्याचे तीन स्वतंत्र पट्टे आहेत. हरितद्रव्य वाढले की ती सीमा अवरक्ताकडे सरकते, कमी झाले की मागे येते. ऑक्टोबरात ज्या रानात साग आणि कोशिंब एकाच हिरव्या रंगात मिसळून गेलेले असतात, त्याच रानाचे मार्चमधील चित्र घेतले, तर एक उघडा आणि दुसरा कोवळा, असे दोघे वेगळे ओळखता येतात.