व्हॉल्व्हला हात लावण्यापूर्वी

मीठ नसेल तर प्रोटीन स्किमर हे यंत्र नीट चालत नाही. गोड्या पाण्यात हवा सोडली की बुडबुडे एकमेकांना भिडताच एक होतात, मोठे होतात आणि भराभर वर येऊन फुटतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिथे हेच बुडबुडे सहजासहजी जुळत नाहीत. ते बारीक राहतात, सावकाश चढतात, आणि पाण्यात सेंद्रिय द्रव्य असेल तर वर आल्यावरही काही काळ टिकतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला मळकट फेस ज्याने पाहिला, त्याने प्रोटीन स्किमरचे तत्त्व पाहिलेच आहे. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ही लाटांची कामगिरी हातभर उंचीचा एक पारदर्शक नळकांडा करतो.

माशांची विष्ठा, उरलेले खाणे, शेवाळाचा आणि प्रवाळांचा स्राव यांतून पाण्यात असे रेणू मिसळतात की ज्यांचे एक टोक पाण्यात रमते आणि दुसरे पाण्याला टाळते. त्यांना हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जागा मिळाली तर ते तिथेच चिकटतात. बारीक बुडबुडे म्हणजे अशी सीमाच सीमा. रेणू बुडबुड्याला धरून वर जातात, निमुळत्या मानेत फेस दाटतो, त्यातले पाणी खाली निथळते आणि उरलेली घाण कडेवरून कपात पडते. गुऱ्हाळात उकळत्या रसावर भेंडीचे पाणी टाकून मळी वर आणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. इथे झाऱ्याचे काम फेस स्वतःच करतो. फायदा असा, की ही घाण कुजण्याआधीच बाहेर पडते. पाण्यात राहिली असती तर जिवाणूंनी तिचे अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट केले असते. जाता जाता पाण्यात भरपूर प्राणवायूही मिसळतो, हा वरचा नफा.

सुरुवातीचे स्किमर हवेच्या पंपावर चालत. लिंडनच्या लाकडाच्या ठोकळ्यातून हवा ढकलली की फार बारीक बुडबुडे निघत, पण खाऱ्या पाण्यात ते लाकूड टिकत नसे आणि सारखे बदलावे लागे. या छंदात जर्मनांचा हात मोठा. स्किमर आणि जिवाणूंनी भरलेले सच्छिद्र खडक, एवढ्यावरच टाकी चालवण्याच्या रीतीला आजही बर्लिन पद्धत म्हणतात. पुढे पंप आला, ज्याच्या पंख्याला पात्यांऐवजी सुयांसारखे दांडे असतात. तो पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि तिचा चुरा करतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक स्किमर याच जातीचे.

आता लावण्याबद्दल. छांदिष्टांची झोप उडते ती इथे. मुळात जुळवायची गोष्ट एकच असते. बुडबुड्यांनी भरलेले पाणी संपून घट्ट फेस जिथे सुरू होतो, ती रेषा. बाहेर जाणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह आवळला की रेषा वर सरकते, सैल केला की उतरते. रेषा उंच ठेवली तर कप लवकर भरतो, पण त्यात फिकट, पातळ पाणी येते. त्याबरोबर खारे पाणीही जाते आणि त्या जागी गोडे पाणी भरत राहिले तर टाकीतली क्षारता हळूहळू घटते. रेषा खाली ठेवली तर थोडीच पण काळपट, दाट आणि नाक धरायला लावणारी घाण जमते. त्या काळ्या रंगाचे लोकांना फार कौतुक. माझ्या मते मध्यम तपकिरी चांगले. घाण काळी दिसावी म्हणून ती कमी काढायची, यात टाकीचे काय भले?

रेषा आपोआप हलते ती मात्र व्हॉल्व्हमुळे नव्हे. स्किमर मुख्य टाकीखालच्या सम्पमध्ये उभा असतो आणि बहुतेक कंपन्या १५ ते २३ सेंटिमीटर खोल पाणी मागतात. बाष्पीभवनाने ही पातळी बोटभर उतरली की फेसही उतरतो. म्हणून सम्पमध्ये आडवी काच घालून स्किमरचा कप्पा वेगळा करतात. उडालेल्या पाण्याची घट मग शेवटच्या कप्प्यात दिसते, स्किमरला ती जाणवत नाही. आपल्याकडे याहून मोठे दुखणे म्हणजे वीज जाणे. सम्पमधले पाणी वर चढवणारा परतीचा पंप थांबतो, वरच्या टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरते, स्किमर गळ्यापर्यंत बुडतो, आणि वीज आली की कप क्षणात भरून जमलेली घाण पुन्हा पाण्यात. स्किमर दहा मिनिटे उशिरा सुरू करणारा टायमर लावला की हे टळते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत या टायमरची किंमत महिन्याभरात वसूल व्हावी.

फेसाचे लहरीपणही समजून घ्यावे लागते. गोठवलेली कोलंबी घातली, तिच्यातली चरबी पाण्यात उतरली, की फेस काही तास बसतो. टाकीत हात घातला तरी त्वचेवरच्या तेलाने तेच होते. उलट क्लोरीन घालवायचे काही द्रावण किंवा प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी पुटी पाण्यात गेली की थोड्याच वेळात कप ओसंडतो. नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडे, अंगातच आल्यासारखा वागतो, कारण कारखान्यातले तेलकट अवशेष धुऊन जायचे असतात. यांतल्या कोणत्याही वेळी व्हॉल्व्ह फिरवला, तर कारण गेल्यावर तो पुन्हा फिरवावा लागतो, आणि मग माणूस रोज फिरवतच राहतो. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचून ती चोंदते, बुडबुडे कमी होतात. तिथेही लोक व्हॉल्व्हच आवळतात. कोमट गोड्या पाण्याचा एक फवारा पुरला असता.

या यंत्राविषयी दबदबा जरा जास्तच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९च्या सुमारास स्किमरांच्या कामगिरीचे मोजमाप केले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे २० ते ३५ टक्केच स्किमर काढतो, असे त्यांना आढळले. वेगवेगळ्या रचनांच्या यंत्रांतही फार मोठे अंतर नव्हते. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत, त्यामुळे कितीही वेळ यंत्र चालवा, ते पाण्यातच राहतात. कपातल्या घाणीच्या तपासणीत कॅल्शियम कार्बोनेट आणि डायॲटमच्या सिलिकेच्या कवचांचाही मोठा वाटा निघाला. म्हणजे दाट काळा कप हे पाणी शुद्ध झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे. स्किमरशिवाय, शेवाळाच्या जाळीवर चालणाऱ्या टाक्याही आहेत. वॉल्टर एडी यांनी स्मिथसोनियन संस्थेत ती पद्धत उभी केली.

तरीही ज्याच्या टाकीत मासे दाटीने आहेत आणि जो हात सैल सोडून खाणे घालतो, त्याने स्किमर घ्यावा, असेच मी म्हणेन. खोक्यावर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो ठरवायची कंपन्यांची सामायिक फूटपट्टी नाही. दर तीन-चार दिवसांनी कप आणि मानेच्या आतला चिकट थर पुसावा, कारण त्या थरावर फेस चढत नाही. दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून व्हिनेगरमध्ये भिजवावा. एवढे करूनही फेस चढला नाही, सम्पची पातळी आणि हवेची नळी दोन्ही ठीक असली, तरच व्हॉल्व्हला हात लावावा, तोही किंचित. मग पुढचा दिवसभर थांबावे.