जुन्या फोटोंचा बोलता कार्यक्रम : सॉफ्टवेअर कोणतं निवडावं?



पेसाखच्या साफसफाईत आमच्याकडे दर वर्षी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली येतो. त्यात फोटो आहेत. अलिबागचं घर, मामाच्या लग्नाची मेंदी, मलिद्याचं ताट, अलिया केल्यानंतरचे अश्दोदमधले पहिले दिवस. या वर्षी नातवाने एकेक फोटो उचलून विचारलं, "सबा, हे कोण?" वीसपैकी सात-आठ फोटोंवर मला उत्तर देता आलं नाही. ते फक्त माझ्या ताईला ठाऊक आहे, आणि ती आता ८६ वर्षांची आहे.

तेव्हाच ठरवलं की या फोटोंचा कार्यक्रम करायचा, आणि नावं ताईच्याच आवाजात घ्यायची. मग प्रश्न आला सॉफ्टवेअरचा. दोन महिने खटपट करून जे कळलं ते इथे देतो.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी विकतचं सॉफ्टवेअर घेऊन ४५ फोटोंचा कार्यक्रम केला होता. पुढे ती कंपनी बंद पडली, माझा संगणक बदलला, आणि ती फाईल आता उघडतच नाही. अशी बहुतेक सॉफ्टवेअर आपलं काम स्वतःच्या खास फाईलमध्ये ठेवतात, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरला सहसा वाचता येत नाही. नामांकित सॉफ्टवेअरचंही तेच. विंडोज मूव्ही मेकर आपल्यापैकी पुष्कळांनी वापरला असेल, तो २०१७ साली बंद झाला. म्हणून पहिली कसोटी ही, की तयार कार्यक्रम एमपी४ व्हिडिओ म्हणून बाहेर काढता येतो का? एमपी४ टीव्हीवर, फोनवर, संगणकावर चालतो. मग सॉफ्टवेअर राहो न राहो.

दुसरी कसोटी अक्षरांची. आपल्याला मराठी हवी आणि नातवंडांसाठी हिब्रूही. काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात आणि हिब्रू उलटी पडते. विकत घेण्याआधी "प्रार्थना", "ज्येष्ठ" आणि एक हिब्रू नाव टाईप करून बघा. नीट दिसलं तरच पुढे जा.

तिसरी कसोटी आवाजाची. नुसतं मागे गाणं लावणं सगळ्यांनाच जमतं. पण प्रत्येक फोटोवर वेगळं बोलता येतं का, आणि एक चुकला तर तेवढाच पुन्हा भरता येतो का, हे बघायचं.

मी तीन पर्याय पाहिले. फोनवरचं गुगल फोटोज फोटोंना गाणं जोडून झटपट व्हिडिओ करून देतं. वाढदिवसाला ते ठीक, पण ताईच्या गोष्टींना पुरत नाही. क्लिपचॅम्प विंडोज ११ बरोबर येतं, फुकटातही चांगला व्हिडिओ देतं आणि आवाजही भरता येतो. पण त्यात फोटो, गाणं, बोलणं असे पट्टे एकाखाली एक सरकवत बसावं लागतं. माझी बोटं आता माउसवर स्थिर राहत नाहीत.

शेवटी मी पॉवरपॉइंट घेतला. तो विकतचा आहे, पण मुलाच्या संगणकावर होताच. त्यातल्या "फोटो अल्बम"ने सगळे फोटो एकदम आत येतात, एका पानावर एक. मग प्रत्येक पानावर आवाज भरायचा. एकच लक्षात ठेवा, पान बदलत असताना तो आवाज टिपत नाही. म्हणून वाक्य पूर्ण करायचं, थांबायचं, पान बदलायचं, मग बोलायचं. शेवटी एक्स्पोर्टमध्ये जाऊन व्हिडिओ काढायचा.

आणखी थोडं. चार इंच रुंद फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर १२०० ठिपके मिळतात, आणि फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० ठिपके रुंद असतो. म्हणून लहान फोटो ६००वर स्कॅन करा. टीव्ही आडवा, जुने फोटो उभे किंवा चौकोनी. पडदा भरण्याच्या हट्टात डोकी कापू नका, बाजूला काळी जागा राहू द्या. नुसत्या गाण्यावर फोटो दाखवायचे तर एका फोटोला सहा सेकंद धरा. चार मिनिटांच्या गाण्यात ४० फोटो बसतात. त्याहून जास्त कोंबू नका.

ताईकडे तीन शब्बाथ संपल्यावर गेलो. चहा झाला की फोटो दाखवायचे आणि ती बोलायची. मामाच्या मेंदीच्या फोटोत कोपऱ्यात उभी असलेली मुलगी कोण, हे मी आयुष्यभर कुणाला विचारलं नव्हतं. ताई म्हणाली, "अरे, ही मीच. रडून डोळे सुजलेत, म्हणून ओळखू येत नाही. मामा लग्न करून मुंबईला जाणार होता ना."

६२ फोटो झाले, अजून तीसेक राहिलेत. तुम्हांला सॉफ्टवेअर ठरवायला वेळ लागला तरी चालेल. पण आवाज आजच फोनवर भरून ठेवा. फोटो डब्यात थांबतात, माणसं थांबत नाहीत.