अद्भुताची साक्ष

अकोल्याच्या आणि अमरावतीच्या वाचनालयांतून आणलेल्या रहस्यकथा व अद्भुतरम्य कादंबऱ्या गुदस्त पावसाळ्यात पाठोपाठ वाचल्यावर एक गोष्ट मनावर ठसली. ज्या दोन वाङ्मयप्रकारांना आपण सरसकट ‘करमणूक’ म्हणून एकाच कपाटात ठेवतो, ते वाचकाकडून परस्परविरुद्ध वृत्तीची अपेक्षा करतात. रहस्यकथेच्या वाचकाने प्रत्येक पात्राची उलटतपासणी करीत जावे, तर अद्भुतकथेच्या वाचकाने लेखकाच्या शब्दावर निर्धास्त विसंबावे. आणि असे असूनही दोहोंचे यशापयश अखेर तपशिलाच्या काटेकोरपणावरच ठरते.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) या कादंबरीत घराण्याचा शाप आहे आणि रात्री माळावर हिंडणारे पिशाच्चवत् श्वापद आहे. परंतु मृत सर चार्ल्स फाटकापाशी पाच-दहा मिनिटे उभे होते, हे डॉ. मॉर्टिमर ज्या पुराव्यावरून सांगतात, तो पुरावा म्हणजे सर चार्ल्स यांच्या सिगारची दोनदा झडलेली राख. पंचनाम्यात नोंदावी अशी ती चिमूटभर राख नसती, तर तो शाप मला आजीबाईच्या गोष्टीइतकाच खरा वाटला असता. टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) बिल्बो ड्रॅगनच्या दिशेने निघतो तो हातरुमाल घरी विसरून, आणि त्या क्षुल्लक विसराळूपणामुळेच पुढच्या ड्रॅगनवर माझा विश्वास बसला.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळापहाड या नायकांच्या पराक्रमांनी असंख्य मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली. समीक्षकांनी या ऋणाची नोंद फार कृपणपणे केली, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि त्यांच्या कथेचा वेग असा की स्थळाशी ओळख होण्यापूर्वीच प्रकरण निकालात निघते. भयकथाकार नारायण धारपांचे (१९२५-२००८) सामर्थ्य नेमके येथे आहे. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली असली, तरी एकंदरीत धारपांच्या लेखनात अमंगलाचा शिरकाव होतो तो मध्यमवर्गीय मराठी घरात, रोजच्या व्यवहारात, म्हणूनच त्यांचे पुस्तक मिटल्यावर माजघरातला दिवा मालवायला हात धजत नाही.

अद्भुताची अशी तपशीलवार साक्ष देण्याची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या, तेव्हा ते भक्तांना गाठून ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याच तोंडून घेत होते, आणि ज्या नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात हे कार्य चालले, त्यांच्याकडून ते पारखून घेत होते. या संकलनात, म्हणजे ‘लीळाचरित्रा’त, चमत्कार आहेत, पण ते अमुक गावी, अमुक देवळाच्या आवारात, अमुक माणसासमक्ष घडतात, आणि महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त तर देवळाचे दार कोणत्या दिशेला हेही टिपलेले आढळते. श्रद्धाग्रंथाला कादंबरीच्या पंक्तीस बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. अलौकिकाची नोंद करताना जबानी घेण्याचा हा शिरस्ता मात्र कादंबरीकाराने मुद्दाम अभ्यासावा.

आणि या प्रांतात सामग्रीची वाण नाही. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्यावर १४८७चा शिलालेख मिरवणारा महाकाली दरवाजा उभा आहे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाजावर गंडभेरुंड, म्हणजे दोन मुखांचा पक्षी, कोरलेला आहे; आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो गड घेतला, त्या दिवशी किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. एखाद्या तरुण लेखकाने, अथवा लेखिकेने, त्या दिवसाचे दस्तऐवज आणि गडावरची प्रत्येक वाट नीट तपासून, बेनीसिंगाच्या मृत्यूपूर्वीच्या रात्री गडात कोण आले आणि कोण निसटले याचा तपास रचावा, आणि तो तपास पहाटेपर्यंत नेऊन, दगडातल्या त्या पक्ष्याला निदान एकदा तरी पंख उघडू द्यावेत.