धावण्याच्या मुभेची कैफियत

अनुबोधपटाचा कर्ता कोण, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कथापटाच्या बाबतीत लेखकाने कल्पिलेले, नटाने वठविलेले आणि दिग्दर्शकाने बांधून काढलेले असा ज्याचा त्याचा वाटा निदान ढोबळमानाने तरी वेगळा काढून दाखविता येतो. परंतु ज्या चित्रपटाचे बळ अन्य कोणी, अन्यच हेतूने, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टिपून ठेवलेल्या दृश्यांत साठलेले आहे, त्याच्या कर्त्यांची गणती श्रेयनामावलीच्या अखेरच्या ओळीपाशी थांबत नाही. २०१६ साली प्रदर्शित झालेला ‘फ्री टू रन’ हा अशांपैकी एक. क्रीडांगणाच्या आखलेल्या वर्तुळात मूठभर हौशी पुरुषांपुरते कोंडलेले धावणे सार्वजनिक रस्त्यावर कसे आले, आणि त्या रस्त्यावर पाऊल टाकण्याची मुभा स्त्रियांनी कशी मिळविली, याचा सुमारे ९९ मिनिटांचा हा वृत्तांत स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन देशांतील निर्मात्यांनी मिळून सिद्ध केला.

त्याचे दिग्दर्शक पिएर मोरा हे जिनिव्हाचे. तरुणपणी मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावलेले आणि शिक्षणाने इतिहासकार, असा त्यांच्या ठायी झालेला दुहेरी योग या कामी फार उपयोगाचा ठरला असला पाहिजे. केवळ धावपटू असता तर तो धाप, घाम आणि अंतिम रेषेवरचा हर्ष यांत रमून गेला असता. केवळ इतिहासकार असता तर ठराव, परिपत्रके आणि सनावळ्या यांच्या दफ्तरात बुडाला असता. पायांना ठाऊक असलेली गोष्ट कागदाशी ताडून पाहण्याची आणि कागद कोणी, कोणत्या वेळी, कोणाच्या सोयीसाठी लिहिला हे विचारण्याची सवय ज्याला आहे, असा मनुष्य या विषयाला लाभला, हे त्या विषयाचे भाग्य. निर्मितीची धुरा जिनिव्हाच्याच ‘पॉइंट प्रॉड’ संस्थेचे झाँ-मार्क फ्रोले यांनी वाहिली. फ्रेंच आवृत्तीचे निवेदन फिलिप तोरतों या नामांकित नटाच्या आवाजात आहे. तीन देशांचे भांडवल एकत्र करावे लागण्याचे कारण या जातीच्या चित्रपटांच्या हिशेबवहीत सापडते: जुन्या दृश्यांचे हक्क सेकंद-मिनिटांच्या मापाने विकत घ्यावे लागतात, आणि ती दृश्ये दूरचित्रवाणी केंद्रे, वृत्तपत्रांची कार्यालये, क्रीडासंघांची कपाटे आणि खाजगी घरांचे माळे अशा नाना ठिकाणी विखुरलेली असतात. ती हुडकणारे संशोधक आणि त्यांतून सुसंगत कथन विणणारा संकलक यांचे नाव प्रेक्षकाच्या ध्यानात राहत नाही. परंतु अशा चित्रपटाचे लेखक म्हणावे तर तेच.

या अनामिक सहकर्त्यांचे महत्त्व कळण्यासाठी बॉस्टनच्या मॅरेथॉनकडे वळले पाहिजे. १९६७ च्या एप्रिलची १९ तारीख, हवा गोठविणारी, हिमवृष्टी चाललेली. सिरॅक्यूज विद्यापीठातील कॅथरिन स्विट्झर ही वीस वर्षांची विद्यार्थिनी ‘के. व्ही. स्विट्झर’ अशी केवळ आद्याक्षरांनिशी नावनिशी करून, छातीवर २६१ हा क्रमांक लावून पुरुषांच्या घोळक्यात धावत होती. तिच्यासमवेत तिचे मार्गदर्शक आर्नी ब्रिग्ज आणि हातोडाफेकीत तरबेज असलेला तिचा धिप्पाड मित्र टॉम मिलर हे होते. अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघाच्या तत्कालीन नियमांप्रमाणे स्त्रियांना दीड मैलापलीकडच्या शर्यतीस मज्जाव होता. सव्वीस मैलांच्या शर्यतीचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता, इतका नव्हता की प्रवेशपत्रिकेवर स्त्री की पुरुष हे विचारण्याचीही कोणाला गरज भासली नव्हती. पहिले काही मैल सरल्यावर वार्ताहरांची मोटार तिच्याजवळ आली, तीमधील छायाचित्रकारांनी यंत्रे सरसावली, आणि मागून आलेल्या मोटारीतून शर्यतीचे एक व्यवस्थापक जॉक सेंपल खाली उडी घेऊन तिच्या अंगावर धावून गेले. छातीवरचा क्रमांक हिसकावून घेण्याचा त्यांचा तो आवेश, मिलरने खांद्याच्या एका धक्क्याने त्यांची रस्त्याकडेला केलेली बोळवण, आणि या सर्व गदारोळात पुढे पुढेच पडणारी तिची पावले, हे काही क्षणांचे नाट्य वार्ताहरांच्या मोटारीतून टिपले गेले. टिपणाऱ्यांत ‘बॉस्टन ट्रॅव्हलर’चे हॅरी ट्रास्क होते, ज्यांना बुडणाऱ्या ‘आंद्रेआ डोरिआ’ जहाजाच्या छायाचित्रांबद्दल दहा वर्षांपूर्वी पुलित्झर पारितोषिक मिळालेले होते.

आता विचार करावा. सेंपल यांना हा आवेश शंभर पावले आधी किंवा नंतर चढला असता, वार्ताहरांची मोटार पुढच्या वळणापलीकडे असती, तर या प्रकाराची साक्ष एका तरुणीच्या जबानीपुरती उरली असती, आणि संघाच्या दफ्तरात तिची नोंद नियमभंगाचे एक क्षुल्लक प्रकरण म्हणून बंद झाली असती. ती छायाचित्रे दुसऱ्याच दिवशी देशोदेशी गेली. स्विट्झरला संघातून काढण्यात आले, परंतु ज्या पक्षाने तिला बाहेर ओढू पाहिले त्याच्याच विरुद्ध तो पुरावा कायमचा दाखल झाला. सेंपल यांना दुष्ट ठरवून मोकळे होण्याचा मोह आवरावा, असे मात्र मला वाटते. स्कॉटलंडात जन्मलेला हा कष्टाळू गृहस्थ त्या शर्यतीला देवघराप्रमाणे जपत असे, आणि थट्टेखातर धावणाऱ्या टवाळखोरांवरही तो तसाच धावून जात असे. १९७३ साली त्याच शर्यतीच्या आरंभरेषेवर त्याने स्विट्झरशी छायाचित्रकारांसमक्ष समेट केला.

पण दफ्तराचा न्याय सर्वांना सारखा मिळतो असे नाही. स्विट्झरच्या आदल्याच वर्षी, १९६६ साली, बॉबी गिब या तरुणीने हीच शर्यत ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत पुरी केली होती. तिने रीतसर अर्ज केला होता. व्यवस्थापकांचे नकाराचे पत्र आले. तेव्हा भावाची चड्डी आणि डोके झाकणारा सदरा घालून ती हॉपकिंटन गावातील झुडपांत लपून राहिली आणि शर्यत सुटताच घोळक्यात शिरली. वाटेत कोणी तिच्या अंगावर धावून आले नाही. बरोबरीच्या पुरुषांनी तिला सांभाळूनच घेतले, आणि शेवटी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी तिच्याशी हस्तांदोलन केले. १९६७ सालीही ती स्विट्झरच्या सुमारे तासभर आधी पोहोचली. वृत्तपत्रांत तिचे कौतुक आले, तिची छायाचित्रेही छापली गेली. परंतु त्यांत झटापट नव्हती, म्हणून जगाच्या स्मरणात तिची जागा दुसरी राहिली आणि तिच्या तीन विजयांवर शर्यतीच्या मंडळाने अधिकृत मोहोर उमटवायला १९९६ साल उजाडले. मोरा यांनी या दोघींनाही कॅमेऱ्यापुढे बोलते केले आहे, आणि चित्रपटाची सचोटी मला तेथे सर्वाधिक जाणवते. जेथे नाट्यमय दृश्य उपलब्ध आहे तेथे दृश्याला बोलू द्यायचे आणि जेथे ते नाही तेथे वृद्धपणी सांगितलेल्या आठवणीला तितकीच जागा द्यायची, हा तोल संकलनाच्या मेजावर साधावा लागतो. गिब पुढे शिल्पकार झाली. १९८४ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकन स्त्रियांची निवड करणाऱ्या मॅरेथॉनमधील विजयचिन्हे तिच्याच हातची होती.

चित्रफीत आणि छापील मजकूर यांचा सामना पाहायचा असेल तर आणखी मागे जावे लागते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राडके हिने ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली आणि जपानची हितोमी किनुए दुसरी आली. नऊच्या नऊ जणींनी अंतिम शर्यत पूर्ण केली. तरीही कित्येक वार्ताहरांनी असे चित्र रंगविले की अबलांची एक रांगच्या रांग धुळीत कोसळली, काहींनी तर धावणाऱ्यांची संख्याही चुकीची दिली, आणि त्या वर्णनांच्या आधारावर स्त्रियांना २०० मीटरपलीकडे मनाई करण्याचे जे फर्मान निघाले ते १९६० पर्यंत अंमलात राहिले. त्या शर्यतीची वृत्तचित्रफीत उपलब्ध होती. लेखणीबहाद्दरांचा मजकूर तिच्याशी ताडून पाहण्याची तसदी इतकी वर्षे कोणा अधिकाऱ्याने घेतली नाही, एवढेच. धापा टाकणारे पुरुष तेव्हाही गवतावर आडवे होतच होते. त्यांच्याबद्दल परिपत्रके निघत नसत.

दिग्दर्शकाचा स्वतःचा देश तरी या बाबतीत अग्रेसर होता काय? स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १९७१ साली. मोरा गावापासून फ्रिबूर्गपर्यंतची ‘मोरा-फ्रिबूर्ग’ ही तेथील सुप्रसिद्ध रस्त्यावरची शर्यत १४७६ च्या लढाईतील विजयवार्ता घेऊन धावलेल्या दूताच्या आख्यायिकेवर आधारलेली. तीत स्त्रियांना १९७७ पर्यंत प्रवेश नव्हता. म्युनिक ऑलिंपिकमध्ये देशाच्या वतीने धावलेली मरेइके मोझर हिला १९७३ साली ‘मार्कुस एबिशर’ हे पुरुषी नाव धारण करून ती शर्यत धावावी लागली, आणि अंतिम रेषा हाकेच्या अंतरावर असता तिला बाजूला ओढण्यात आले. ज्या देशासाठी धावायचे त्याच देशातील रस्ता वर्ज्य, हा विरोधाभास शिरस्तेदारी बुद्धीलाच शोभावा! या कोंडीविरुद्ध नोएल तामिनी या स्विस धावपटूने आपल्या एका मित्रासह १९७२ साली ‘स्पिरिदों’ हे नियतकालिक काढले. १८९६ ची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणाऱ्या ग्रीक धावपटूचे नाव धारण करणाऱ्या या लहानशा पत्राने फ्रेंचभाषक युरोपात खुल्या शर्यतींची चळवळ उभी केली. चित्रपटात तामिनी भेटतात. आणि अमेरिकेच्या झगमगाटात त्यांच्यासारख्या एककल्ली माणसाला त्याचा वाटा मिळाला, तो निर्माते जिनिव्हाचे होते म्हणून, अशी माझी अटकळ आहे.

न्यूयॉर्कची शर्यत सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेले फ्रेड लेबो, हे रुमानियातून आलेले विक्षिप्त आणि धडपडे गृहस्थ, चित्रपटाचा मोठा भाग व्यापतात. त्यांच्या १९७० च्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये सेंट्रल पार्कच्या फेऱ्या मारावयास १२७ जण निघाले आणि ५५ जणांनी त्या पुऱ्या केल्या. १९७२ साली बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला, पण त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हौशी संघाने हुकूम सोडला की स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी वेगळे सुटावे. बंदुकीचा बार झाला तेव्हा सहा स्त्रिया आरंभरेषेवरच मांडी घालून बसल्या, हातांत निषेधाचे फलक धरले, आणि दहा मिनिटांनी पुरुषांबरोबर उठून धावल्या. त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटे मिळविण्यात आली. पाच वर्षांपूर्वी बॉस्टनला छायाचित्रकार योगायोगाने तेथे होते. येथे त्या सहा जणींनी ते आपल्यासमोर आहेत हे जाणूनच ठाण मांडले. अन्याय सोसणाऱ्याला कॅमेऱ्याची जाण आली, आणि पुढच्या काळातील चित्रकर्त्यांना आयतेच एक प्रभावी दृश्य लाभले.

या सर्व खटपटीची परिणती १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये झाली. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जोन बेनॉइट हिने २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. परंतु जगाच्या स्मरणात तिच्याइतकीच राहिली ती ३७ वी आलेली स्वित्झर्लंडची गॅब्रिएला आंदेर्सन-शीस. उन्हाने व्याकुळ होऊन, अंग एका बाजूला झुकलेले, अशा अवस्थेत तिने मैदानातील अखेरची फेरी सुमारे पावणेसहा मिनिटांत पुरी केली, आणि तिला घाम येत असल्याची खात्री करून वैद्यकांनी तिला थांबविले नाही. १९२८ साली असले एक दृश्य दिसते तर बंदीला आणखी पन्नास वर्षांचे आयुष्य मिळाले असते. या वेळी सारे जग ते दूरचित्रवाणीवर पाहत होते, आणि वार्ताहराच्या वर्णनाची मध्यस्थी उरली नव्हती.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्याची चळवळ बाजारपेठेच्या ताब्यात कशी गेली हे सांगताना तो काहीसा घाईत आहे. सँडी वादळानंतर २०१२ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन रद्द झाली, त्या प्रसंगात शहरातील विपन्न माणसे आणि धावण्यासाठी आलेले पाहुणे यांच्यात जो तंटा उभा राहिला, त्याला स्वतंत्र चित्रपटाची योग्यता होती. शिवाय धावण्याच्या समतेचा हा इतिहास जवळजवळ सर्वस्वी अमेरिका आणि पश्चिम युरोप यांच्या सरहद्दीत राहतो. यात कर्त्यांच्या दृष्टीचा दोष किती आणि दफ्तराचा किती, हे ठरविणे अवघड आहे, कारण दृश्ये जेथे टिपली गेली आणि जतन झाली तेथेच असा चित्रपट जाऊ शकतो.

आपल्याकडची एकच हकीकत घ्यावी. भारताच्या स्त्रिया ऑलिंपिकमध्ये प्रथम धावल्या त्या १९५२ साली हेलसिंकी येथे, आणि त्यांत वांद्र्याची गोमंतकीय कुळातील मेरी डिसूझा होती. तिने १०० आणि २०० मीटर धावले. ॲम्स्टरडॅमनंतरच्या त्या फर्मानामुळे स्त्रियांना त्याहून लांबची शर्यतच उपलब्ध नव्हती. तिच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती. मुंबईच्या पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून वृत्तपट काढीत होते, आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. कोणी मराठी दिग्दर्शक, संशोधक आणि संकलक एकत्र बसून ही गोष्ट सांगावयास निघतील, तर त्यांना पहिला अर्ज या दोन संस्थांनी जमविलेल्या दफ्तरांसाठी करावा लागेल, आणि तेथे जे मिळणार नाही त्यासाठी वांद्र्याच्या घरांतील जुने आल्बम उघडावे लागतील.