आपबीती आणि अभ्यास : काही गैरसमज

वरोऱ्याचं आनंदवन, भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, गडचिरोलीजवळचं शोधग्राम. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या ठिकाणांनी मराठीला गाजलेली आत्मकथनं दिली. आपण ती प्रेरणेसाठी वाचतो. पण माणूस कसा घडतो, 'मी कोण' हे तो कसं ठरवतो, याच्या अभ्यासालाही आपबीती लागते, असं म्हटलं की शंका सुरू होतात.

गैरसमज : एकाची गोष्ट म्हणजे काही पुरावा नव्हे.

वस्तुस्थिती : किती जणांना, हे गोष्ट सांगत नाही, हे खरंच. पण आकडाही एकटा अपुरा पडतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. १९८९ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली होती. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मग बाकीच्या गप्प का होत्या? ते तपासणीत कळत नाही. बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं असं तिला कुणी शिकवलं, पहिली पाळी आली तेव्हा घरात काय झालं, हे तिच्याच तोंडून ऐकावं लागतं. राणीताईंच्या 'कानोसा' या पुस्तकाचं मोल इथे आहे.

गैरसमज : आठवणी बदलतात, म्हणून त्या निरुपयोगी.

वस्तुस्थिती : आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्येच दाखवलं. म्हणून तारीख-वार ताडून पाहायला कागदपत्रंच हवीत. 'मी कोण' याच्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा असतो : आयुष्यातले कोणते प्रसंग निवडले, वळण कुठे आलं असं माणूस मानतो? साधनाताई आमटे यांचं 'समिधा', डॉ. विकास आमटे यांचं 'आनंदवन प्रयोगवन', डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' ही एकाच घरातली तीन कथनं. कोण बरोबर, हे ठरवत बसण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःला कुठे उभं केलं ते पाहावं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअ‍ॅडम्स यांना असं आढळलं, की पुढच्या पिढीसाठी झटणारी माणसं आपल्या कथेत संकटातून काही चांगलं निघाल्याचं अधिक वेळा सांगतात. डॉ. अभय बंग यांच्या पुस्तकाचं नावच पाहा : 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. मात्र हा साचा सगळ्यांवर लादू नये. काही दुःखांतून काहीच चांगलं निघत नाही, आणि तसं सांगण्याचा हक्क सांगणाऱ्याला आहे.

गैरसमज : जीवनकहाणी ही साठीनंतरची गोष्ट.

वस्तुस्थिती : सुटे प्रसंग जोडून आयुष्याची सलग कथा रचणं माणूस किशोरवयात शिकतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननेही 'मी कोण' हा पेच याच वयात ठेवला. गडचिरोलीतली कितीतरी मुलं नेमकी याच वयात आश्रमशाळेत, घरापासून लांब असतात. घरची भाषा माडिया किंवा गोंडी, शाळेची मराठी. यांतल्या कोणत्या भाषेत ती 'मी' म्हणतात, हे विचारायलाच हवं.

गैरसमज : 'प्रकाशवाटा' वाचलं म्हणजे माडिया समाज कळला.

वस्तुस्थिती : हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. ते पुस्तक हेमलकशात माडियांमध्ये काम केलेल्या एका डॉक्टरचं आयुष्य सांगतं, आणि प्रामाणिकपणे सांगतं. माडिया माणसाचं आयुष्य सांगणारा माडियाच हवा. त्याची कथा 'मी'पासून सुरू होईलच असंही नाही. तुम्ही किती देवांचे, चार, पाच, सहा की सात, यावर माडियांसह गोंड समाजात सोयरीक ठरते, म्हणजे माणसाची ओळख गोतापासून सुरू होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथली घोषणाही 'आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी, 'आम्ही'ची आहे.

एक सावधगिरी मात्र हवीच. छोट्या गावात नाव बदलून माणूस लपत नाही. पोलीस आणि नक्षलवादी यांच्या कात्रीत जगलेल्या भागात तर एखादा तपशील जिवावर बेतू शकतो. म्हणून आश्रमशाळांतल्या शिक्षकांना आणि संशोधकांना विनंती : कथा आधी सांगणाऱ्याच्या भाषेत ऐका, लिहिलेली त्याला वाचून दाखवा, आणि तो 'नको' म्हणाला तर ती छापू नका.