आलिशान जहाजावरील सुइट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयुष्यभराच्या बचतीतून, किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या आग्रहामुळे, जी महाराष्ट्रीय जोडपी अलीकडे भूमध्य समुद्रात वा अटलांटिकवर आलिशान जहाजाचा प्रवास करावयास निघतात, त्यांच्यापैकी अनेकांची अशी श्रद्धा असते की, ज्या दालनाचे भाडे सर्वांत अधिक ते सर्वच दृष्टींनी सुखाचे असणार, आणि एकदा सुइट आरक्षित केला की समुद्राच्या, आजाराच्या व सरकारी कायदेकानूंच्या कटकटी आपल्या उंबरठ्याबाहेरच थांबणार. ही श्रद्धा अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती धडधडीत खोट्या समजुतीपेक्षा अधिक महागात पडते. सुइटच्या भाड्यात प्रशस्त जागा मिळते, तत्पर सेवा मिळते, आणि चढण्या-उतरण्यापासून भोजनगृहापर्यंत बहुतेक ठिकाणी अग्रक्रम मिळतो; बाकीच्या गोष्टी मात्र प्रवाशाने स्वतः पारखून घ्याव्या लागतात.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, उंचावरच्या मोठ्या दालनात जहाजाचे हलणे कमी जाणवते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लाटांवर स्वार झालेले जहाज आपल्या मध्याभोवती झुलत असते, त्यामुळे बागेतील वरखाली होणाऱ्या फळीप्रमाणे टोकावर असलेल्याला मोठा चढउतार सोसावा लागतो आणि मध्यापाशी असलेल्याला तो जेमतेम जाणवतो; शिवाय जसजसे वरच्या डेकवर जावे तसतसा बाजूंकडे झुकण्याचा झोकाही वाढत जातो. आता कंपन्या आपली भारी दालने कोठे बांधतात ते पाहावे. 2004 साली सेवेत रुजू झालेल्या, साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर साधारणतः सात रात्रींत काटणाऱ्या 'क्वीन मेरी 2' या जहाजावर बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम ही आतून जिना असलेली दुमजली दालने अगदी पिछाडीला आहेत, आणि राण्यांची नावे धारण करणारे राजेशाही सुइट नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, अंगाला, उंच डेकवर आहेत. देखाव्यासाठी या जागा अप्रतिम आहेत, यात शंका नाही. परंतु उत्तर अटलांटिक खवळलेला असताना जहाजाची नाळ व पिछाडी आळीपाळीने उचलली जातात, त्याचा पहिला प्रत्यय याच दालनांना येतो. जहाजाच्या दोन्ही अंगांस पाण्याखाली असलेले स्टॅबिलायझरचे पंख बाजूंकडचा झोका पुष्कळसा आवरतात, हे खरे. टोकांच्या वरखाली होण्यावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. ज्याला घाटातल्या एसटीतही मळमळते, त्याने टोकाच्या सुइटपेक्षा जहाजाच्या मध्यावरील, खालच्या डेकवरील साधी केबिन घेणे अधिक शहाणपणाचे. याच जहाजावर खालच्या काही डेकवर, जहाजाच्या पोलादी अंगातच कोरून काढलेल्या बाल्कन्या आहेत. खुर्चीत बसल्यावर तेथून समुद्र पुरता दिसत नाही, कारण पुढ्यात पोलादाचा कठडा येतो, परंतु वाऱ्यापासून आडोसा मिळतो. दृश्य आणि आडोसा यांपैकी आपणांस काय प्रिय, याचा निर्णय आरक्षणापूर्वी व्हावा, हे उत्तम.

शांततेचा प्रश्नही याच जातीचा आहे. भाडे दुप्पट असले म्हणून भिंती दुप्पट जाड होत नाहीत. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे आरामखुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो, मुदपाकखाना असेल तर गाड्यांची खडखड, आणि नाळेच्या खालच्या भागात, बंदराला लागताना जहाज बाजूला सरकवणाऱ्या यंत्रांची घरघर. यावर एकच उपाय आहे: प्रत्येक कंपनी डेकचे नकाशे प्रसिद्ध करते, ते समोर ठेवून आपल्या दालनाच्या वर आणि खाली काय आहे याची खातरजमा करावी, आणि शक्य तो अशी जागा निवडावी की जिच्या वरही निजण्याच्या खोल्या आहेत आणि खालीही. 'खोली आम्ही ठरवू' या अटीवर काही सवलत मिळते खरी, पण त्या सवलतीत निवडीचा हा हक्क आपण सोडून देत असतो.

दुसरी फसगत नावाच्या मोहाने होते. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट यांसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर बहुतांशी प्रत्येक दालनालाच सुइट म्हणतात, तेव्हा तेथे त्या शब्दाने कोणताही वेगळा दर्जा सिद्ध होत नाही. याउलट मोठ्या जहाजांवर 'मिनी-सुइट' या नावाखाली जे मिळते ते पुष्कळदा जरा मोठी केबिन एवढेच असते, आणि खऱ्या सुइटधारकांना मिळणाऱ्या सवलतींपैकी अनेक तिला लागू नसतात. एमएससी कंपनीच्या 'यॉट क्लब'मध्ये किंवा नॉर्वेजियन कंपनीच्या 'हेवन'मध्ये मात्र जहाजातच एक बंदिस्त, स्वतंत्र विभाग असतो, त्याचे विश्रामगृह वेगळे, उपाहारगृह वेगळे. 'क्वीन मेरी 2'वर दालनाच्या दर्जानुसार भोजनगृहच बदलते: क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिलमध्ये मेज आपल्या नावाने राखलेले असते. म्हणून नाव न पाहता सवलतींचा तपशील लेखी मागून घ्यावा.

सर्व खर्च भाड्यातच आला, ही समजूतही तपासून घ्यावी. सिल्व्हरसी, सीबोर्न व रीजंट या तीन कंपन्या पेये व बक्षिसी भाड्यात धरतात, आणि रीजंट किनाऱ्यावरील पुष्कळशा सहलीही धरते. परंतु बहुतेक मोठ्या जहाजांवर प्रतिदिवशी प्रतिमाणशी बक्षिसीची रक्कम खात्यावर आपोआप चढते, आणि सुइटसाठी तिचा दर सहसा अधिक असतो. डॉक्टरची फी व औषधोपचार यांचे बिल तर सुइटधारकालाही वेगळे येते. समुद्रावरून हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवावे लागले तर होणारा खर्च सामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडण्यास पुरेसा असतो, म्हणून प्रवास-विमा ही चैन नव्हे.

सुइटबरोबर मिळणाऱ्या बटलरविषयी आपल्या लोकांना एक प्रकारचा संकोच वाटतो, आणि त्यामुळे आपण मोल दिलेली सेवा ते वापरीतच नाहीत. सामान उघडून कपाटात लावणे, बुटांना पॉलिश करणे, उपाहारगृहात मेज राखून ठेवणे, संपूर्ण भोजन एकेक पदार्थ क्रमाने दालनात वाढणे, ही त्याची नेमून दिलेली कामे आहेत. गोव्याच्या ज्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी, म्हणजे खलाशी, निघाले, आणि जहाजाची वाट पाहत ज्यांनी मुंबईत धोबीतलावाच्या कुडांमधून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांतून, दिवस काढले, त्यांच्या मुला-नातवंडांपैकी कित्येक आज याच जहाजांवर नोकरीस आहेत. त्यांच्याशी आदराने बोलावे आणि काम निःसंकोच सांगावे. शाकाहारी किंवा जैन भोजन हवे असल्यास मात्र आयत्या वेळी बटलरला गळ न घालता आरक्षणाच्या वेळीच कंपनीला कळवावे. पोशाखाची धास्तीही अनाठायी आहे: 'क्वीन मेरी 2' चालवणाऱ्या क्युनार्ड कंपनीच्या समारंभी रात्रींनाही राष्ट्रीय पोशाख मान्य असतो, म्हणजे बंदगळा आणि पैठणी यांना तेथे मानाचे स्थान आहे. इस्त्री मात्र घरीच ठेवावी. आगीच्या भयाने ती केबिनमध्ये वापरण्यास सर्वांनाच मनाई आहे.

आता आरोग्य. उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस दालनाचा दर्जा पाहत नाही. दाराशी ठेवलेले मद्यार्कयुक्त द्रव हाताला चोळले की झाले, असे अनेकांना वाटते; या विषाणूवर त्या द्रवाचा प्रभाव अल्प आहे, आणि साबण व वाहते पाणी हाच खरा बंदोबस्त. अमेरिकेत 1975 सालापासून जहाजांच्या स्वच्छतेची सरकारी तपासणी चालू आहे, आणि तिचे अहवाल कोणालाही वाचावयास खुले असतात.

सुरक्षेच्या कवायतीतून सुइटधारकाला सूट असते, ही समजूत तर घातक आहे. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिलिओ बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि 32 माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तत्कालीन नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुदत होती. 1 जानेवारी 2015 पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आल्यावर कोठे जमावयाचे, हे आपल्या पायांनी एकदा चालून पाहावे.

शेवटचा मुद्दा भारतीय पारपत्रधारकांच्या विशेष जिव्हाळ्याचा. व्हिसाची तजवीज जहाजवाले करतात, असे कित्येक जण गृहीत धरतात. ती जबाबदारी संपूर्णपणे प्रवाशाची असते. ग्रीसमधील पिरीअसहून निघून, इस्तंबूलला थांबून जहाज पुन्हा पिरीअसला येणार असेल, तर तुर्कस्तानच्या प्रवेशाची सोय वेगळी पाहावी लागतेच, पण ग्रीस ज्यात मोडतो त्या शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडून परत आत यावयाचे असल्यामुळे शेंगेन व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची अनुमती असणेही आवश्यक ठरते. कागदपत्रांत एवढी एक उणीव राहिली, तर धक्क्यावरच प्रवेश नाकारला जातो, आणि भरलेले भाडे सहसा परत मिळत नाही.